ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचे ब्रेक पॅड आणि डिस्क : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात रेसट्रॅक नाही. इथल्या ज्यांना गाडी मनासारखी पळवायची असते ते ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला जातात, नाहीतर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला. दोन्हीकडे एका बाजूचा रस्ताच हजार किलोमीटरच्या वर. गाडी ट्रेलरवर टाकून नेणारे थोडे. बाकीचे चालवत जातात, ट्रॅकवर पळवतात, त्याच गाडीने घरी येतात आणि सोमवारी तीच गाडी घेऊन ऑफिसला जातात. ब्रेक निवडताना ही गोष्ट सगळ्यात आधी धरावी लागते. ट्रॅक घरापासून तासाभरावर असलेल्या परदेशी माणसाचा सल्ला म्हणूनच इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. खालचे प्रश्न आपल्याकडच्या ऑक्टाव्हिया आरएस, एम३४०आय, एम२, केमन अशा गाड्या चालवणाऱ्यांकडून वरचेवर येतात.

कंपनीचे ब्रेक चांगलेच आहेत की. वर्धा रोडवर कधी कमी पडले नाहीत. मग बदलायचे कशाला?

रस्त्यावर ते कमी पडणारच नाहीत. एकदा जोरात ब्रेक मारून गाडी थांबवणं कुठल्याही चांगल्या गाडीला जमतं. ट्रॅकवर तेच काम दर मिनिटाला तीन-चार वेळा, वीस मिनिटं करायचं असतं.

थोडा हिशोब करू. चालकासह १५०० किलोची गाडी ताशी १०० वरून पूर्ण थांबवली की ब्रेकना सुमारे ५.८ लाख ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. तीच गाडी २०० वरून ८० वर आणली, म्हणजे थांबवलीही नाही, तर साधारण १९ लाख ज्यूल. तिपटीहून जास्त, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यातला दोन तृतीयांश भार पुढच्या दोन डिस्कवर येतो (डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी तबकडी, पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबतात). पुढची डिस्क नऊ किलोची धरली, तर त्या एका ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान सुमारे दीडशे अंशांनी चढतं. पुढच्या वळणापर्यंत ती थोडी निवते आणि पुन्हा चढते. बुद्ध सर्किटची लांबी ५.१२५ किलोमीटर आणि त्यातला मागचा सरळ पट्टाच सुमारे एक किलोमीटरचा. त्याच्या टोकाला प्रत्येक लॅपला हेच घडतं. चार-पाच लॅपमध्ये डिस्क पाचशे-सहाशे अंशांवर पोहोचते. कंपनीचे रस्त्यासाठीचे पॅड साधारण साडेतीनशे-चारशेच्या पुढे पकड सोडू लागतात. त्यांचं कामच वेगळं आहे: थंडीत पहिल्या दाबाला लागावेत, आवाज करू नयेत, चाकं काळी करू नयेत.

सुरुवात कुठून करू? आधी डिस्क घेऊ की पॅड?

दोन्हीच्या आधी ब्रेक ऑइल. सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि जिवाशी थेट गाठ तिचीच आहे.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ओल मुरली की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. ट्रॅकसाठी बनवलेली ऑइल तीनशेच्या पुढे जातात. मोट्युल आरबीएफ ६०० कोरं असताना ३१२ अंशांपर्यंत टिकतं. कॅस्ट्रॉल एसआरएफ महाग आहे, पण ओल मुरल्यावरही २७० च्या आसपास धरून राहतं. वर्षातून एक-दोनदाच ट्रॅकवर जाणाऱ्याला म्हणूनच ते परवडतं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दमट असते. पावसाळ्याआधी भरलेलं ऑइल नोव्हेंबरच्या ट्रॅक डेला (आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला) तसंच घेऊन जाऊ नका. जाण्याच्या आठवड्यात नवं भरा, चारही चाकांची हवा नीट काढून घ्या. कॅलिपरला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाला, हवा काढायची दोन निपल असतील तर दोन्हींतून काढायची. उघडलेली बाटली पुढच्या वेळेसाठी कपाटात ठेवायची नाही. आणि डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल ५.१ चा भाऊ नाही. ते एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत घालू नका, नेहमीच्या ऑइलमध्ये मिसळू तर मुळीच नका.

ट्रॅकवर ब्रेक ‘गेले’ म्हणजे नेमकं काय होतं?

दोन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात. फरक पायाला कळतो.

पेडल मऊ पडलं, पहिल्यापेक्षा खोल जायला लागलं, पंप मारल्यावर जरा वर आलं, तर ऑइल उकळलं आहे. द्रव दाबला जात नाही, त्याची वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो. अशा वेळी सेशन तिथेच संपलं. हळूहळू पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर या, निवू द्या, हवा काढा, नवं ऑइल भरा. नुसतं निवल्यावर पेडल पुन्हा बरं वाटतं, त्यावर भरवसा ठेवू नका.

पेडल दगडासारखं कडक आहे, पाय जोर लावतोय आणि गाडी तरीही पुढेच चालली आहे, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या पलीकडे गेले आहेत. इथे ऑइल बदलून काही होणार नाही. पॅडच वरच्या दर्जाचे हवेत.

तिसरा प्रकार कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून गाडी उडाल्यावर दिसतो: पुढच्या ब्रेकला पेडल एकदम लांब जातं, दुसऱ्या दाबाला ठीक असतं. डिस्कच्या हिसक्याने पॅड दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलला गेलेला असतो. सरळ पट्ट्यावर डाव्या पायाने पेडलला हलकी टिचकी मारून ठेवायची सवय लावा. हे वारंवार होत असेल तर चाकाचं बेअरिंग तपासून घ्या.

मग पॅड कुठले घेऊ?

नाव नंतर, आधी तापमान. प्रत्येक चांगला उत्पादक आपल्या पॅडचा तापमान आणि घर्षण यांचा आलेख देतो. शिखराचा आकडा बघून भुलू नका. रेषा सपाट किती आहे ते बघा. ज्या पॅडचं घर्षण दोनशे अंशांवर आणि सहाशे अंशांवर साधारण सारखं, त्याच्यावर पायाला विश्वास बसतो. एकदम चढणारा पॅड नवख्या माणसाला घाबरवतो, एबीएसला सारखं जागं करतो.

ढोबळ मानाने तीन पायऱ्या आहेत. पहिली, रस्ता आणि हलका ट्रॅक: ईबीसी यलोस्टफ किंवा फेरोडो डीएस२५०० सारखे पॅड. थंडीत लागतात, थोडा आवाज करतात, पोलोसारख्या हलक्या गाडीला किंवा पहिल्या-दुसऱ्या ट्रॅक डेला पुरतात. दुसरी, लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठीचे पॅड, उदाहरणार्थ पॅगिड आरएसएल२९. सपाट रेषा, सावकाश झीज, डिस्कवर माया. दीड टनाची जलद गाडी असेल आणि चालक बऱ्यापैकी तयार असेल तर माझं मत या पायरीला आहे. तिसरी म्हणजे हॉक डीटीसी-६० सारखे निव्वळ रेसचे, जोरदार चावणारे पॅड. त्यांना साजेसे स्लिक (खाचा नसलेले रेसचे) किंवा सेमी-स्लिक टायर नसतील तर त्या पकडीचा उपयोग नाही. शेवटी गाडी थांबवतो तो टायर.

एकच पॅड रस्त्यालाही आणि ट्रॅकलाही चालवला तर?

हलकी गाडी आणि पहिली पायरी असेल तर चालवा. त्याच्या वर गेलात तर पॅड डिकीत ठेवून न्या आणि ट्रॅकवर पोहोचल्यावर बदला. यावर मी फार ठाम आहे, आणि कारण आपल्याच रस्त्यावर आहे. नागपूरहून दिल्लीकडे निघालं की मनसर, खवासा ओलांडून पेंचच्या जंगलातून सिवनीला जावं लागतं. पहाटेचा गारवा, शंभर किलोमीटर ब्रेकला पाय लागलेला नाही, डिस्क थंडगार. समोर नीलगाय आली तर रेसचा पॅड त्या पहिल्या दाबाला लाकडासारखा वागतो, कारण त्याला जागं व्हायला दीडशे-दोनशे अंश लागतात. जनावर तेवढं थांबत नाही.

बहुतेक गाड्यांत पॅड बदलायला एका चाकाला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. जॅक, स्टँड, टॉर्क रेंच, पिस्टन मागे ढकलायचं टूल, एवढं सामान जवळ ठेवा. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर गाडी सर्व्हिस मोडमध्ये घेतल्याशिवाय पिस्टनला हात लावू नका, मोटर तुटते. डिस्कवर एका पॅडचा थर बसलेला असताना दुसरा पॅड लावला की पहिले काही किलोमीटर थरथर आणि कमी पकड जाणवते. म्हणून शक्यतो रस्त्याचा आणि ट्रॅकचा पॅड एकाच उत्पादकाचे, एकमेकांशी जुळणारे घ्या.

पॅडच्या मागे ‘एफएफ’, ‘जीजी’ अशी अक्षरं असतात. ती बघून निवडायचं का?

पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पण त्या चाचणीतलं ‘तापलेलं’ म्हणजे तीनशे अंशांच्या जरा वर. ट्रॅक तिथून सुरू होतो. रस्त्याच्या पॅडसाठी ही अक्षरं कामाची आहेत, ट्रॅकसाठी नाहीत.

नागपुरात मे महिन्यात ४५ अंश असतात. आपल्याकडे ब्रेक जास्त लवकर जातात का?

वाटतं तेवढा फरक पडत नाही. सहाशे अंशांची डिस्क पंचेचाळीस अंशांच्या हवेत आणि पंधरा अंशांच्या हवेत निवते त्यात पाचेक टक्क्यांचं अंतर. उन्हाचा मार टायर, इंजिन आणि माणसावर जास्त बसतो.

होलवाल्या डिस्क छान दिसतात. घेऊ का?

ट्रॅकसाठी नको. भोकांमुळे डिस्कचं वस्तुमान कमी होतं, म्हणजे तेवढीच उष्णता कमी लोखंडात मावावी लागते, आणि प्रत्येक भोकाच्या कडेला चीर सुरू व्हायला जागा मिळते. भोकं पाडायची मूळ कारणं जुन्या पॅडमधून निघणारा वायू आणि पावसाचं पाणी ही होती. आजच्या पॅडमध्ये पहिलं फारसं उरलेलं नाही. पोर्शसारख्या गाड्यांना कंपनीकडूनच होलच्या डिस्क येतात. त्या निभावतात, पण बदलायची वेळ आली की मी साध्या किंवा खाचांच्या डिस्ककडे वळायला सांगतो.

खाचा पॅडचा पृष्ठभाग खरवडत राहतात, पावसात पहिला दाब चांगला देतात, पॅड थोडा जास्त खातात आणि किंचित घरघरतात. तो सौदा ठीक आहे. पण पैसे जपून खर्च करायचे असतील तर साधी, सपाट, जास्त कार्बनच्या बिडाची, आतून हवा खेळणारी डिस्क घ्या आणि उरलेले पैसे पॅडमध्ये घाला. ट्रॅकवर जाणाऱ्याने डिस्क ही टायरसारखी झिजणारी वस्तू समजावी. स्वस्त, दमदार डिस्क वेळेवर बदलत राहणं हे महागड्या डिस्कला वर्षानुवर्षं चिकटून बसण्यापेक्षा बरं.

घेताना एक गोष्ट डोळ्यांनी बघा. डिस्कच्या दोन पाळ्यांच्या मधल्या पडद्या सरळ आहेत की वक्र? वक्र असतील तर डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते. हवा मध्यातून आत येऊन बाहेर फेकली जायला हवी, त्यासाठी पडदीचं बाहेरचं टोक चाक फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेलं असावं. बाहेरच्या खाचांची दिशा बघून डिस्क बसवणारे बरेच आहेत. खाच कुणीकडेही असली तरी चालते, पडदी उलटी बसली तर थंडावा घटतो.

टू-पीस डिस्क आणि कार्बन सिरॅमिक?

टू-पीसमध्ये बिडाची कडी आणि ॲल्युमिनियमचा मधला भाग वेगळे असतात. कडीला तापून फुगायला मोकळीक मिळते, वजन कमी होतं, झिजल्यावर फक्त कडी बदलता येते. वर्षातून चार-पाच ट्रॅक डे करणाऱ्याला हिशोब जमतो.

कार्बन सिरॅमिक रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकतं. ट्रॅकवर मात्र उष्णतेने कार्बन जळत जातो. त्याची झीज मोजताना जाडीपेक्षा वजनाला महत्त्व असतं, आणि नव्या जोडीची किंमत ऐकून घरात सभा बसेल. अशा गाडीचे मालक ट्रॅकसाठी त्याच मापाच्या बिडाच्या डिस्क लावतात आणि मूळच्या जपून ठेवतात. शहाणपणाचं आहे. त्यासाठी पॅडही बिडासाठीचेच हवेत.

पेडल थरथरतं. मिस्त्री म्हणतो डिस्क वाकली, लेथवर घासून आणा.

बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला गेला की त्याचा थर तिथे जाड बसतो, आणि दर फेरीला पाय तो फुगवटा ओळखतो. आधी ट्रॅकचा पॅड लावून नीट तापवून पाहा, बऱ्याचदा तो थर खरवडून काढतो. हबवरचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने साफ करून, डायल गेज लावून डिस्कचा डगमग मोजा. गंजाचा एक पापुद्रासुद्धा थरथर देतो.

थर तसाच राहिला आणि ती जागा सातशे अंशांच्या आसपास गेली, तर तिथल्या बिडाची घडण बदलते, टणक सिमेंटाइट तयार होतं. मग लेथवर घासलं तरी ठिपका काही दिवसांनी वर येतो. हिंगणा एमआयडीसीत उत्तम लेथ चालवणारे कारागीर आहेत, दोष त्यांचा नाही. शिवाय घासलं की लोखंड कमी होतं, आणि ट्रॅकवर आपल्याला लोखंडच हवं असतं. मी नवी डिस्क घ्यायला सांगेन.

नवे पॅड बसवल्यावर ‘बेडिंग’ कसं आणि कुठे करायचं?

नव्या पॅडमधली राळ पहिल्यांदा तापली की वायू सुटतो आणि पॅड त्या वायूवर तरंगतो. ते एकदा होऊन जायला हवं. दुसरं काम म्हणजे डिस्कवर पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर बसवणं. रीत साधी: मध्यम वेगावरून मध्यम दाबाने वेग उतरवा, पूर्ण न थांबता पुन्हा वेग घ्या, आठ-दहा वेळा, हळूहळू जोर वाढवत. मग ब्रेक न लावता दहा-पंधरा मिनिटं निववा. थर बरोबर बसला की डिस्कवर एकसारखी निळसर-करडी झाक दिसते.

समृद्धी महामार्गावर हे करू नका. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे, मागून येणाऱ्याला तुम्ही विनाकारण ब्रेक का मारताय ते कळणार नाही. रस्त्याचा पॅड पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, वेगमर्यादेत, आरसे बघत बसवता येतो. रेसच्या पॅडला लागणारं तापमान रस्त्यावर येतच नाही, त्याचं बेडिंग ट्रॅकच्या पहिल्या सेशनमध्येच करा.

फक्त पुढचे पॅड बदलले तर चालेल?

पुढे फार चावणारा आणि मागे कंपनीचा, अशा जोडीने पुढची चाकं लवकर एबीएसमध्ये जातात आणि मागचे ब्रेक आळशी राहतात. मागे त्याच मालिकेतला, एक पायरी सौम्य पॅड घाला. आणखी एक: ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) चालू ठेवून ट्रॅकवर फिरलात तर संगणक वळणात मागच्या चाकांना न सांगता ब्रेक लावत असतो. काही गाड्यांचे मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपतात ते यामुळे. तरी नवख्या माणसाने ईएसपी बंद करू नये. पॅड पुन्हा घेता येतात.

आपली डिस्क किती तापते हे कळणार कसं?

उष्णता दाखवणारा रंग मिळतो. डिस्कच्या बाहेरच्या कडेला तीन ठिपके लावायचे: हिरवा ४३० अंशांना पांढरा पडतो, नारिंगी ५६० ला पिवळा, लाल ६१० ला पांढरा. सेशननंतर कुठला पालटला ते बघायचं. फक्त हिरवा पालटला असेल तर महागड्या रेस पॅडची तुम्हाला गरज नाही. तिन्ही पालटले असतील तर आधी डिस्कच्या मध्याकडे हवा नेणाऱ्या नळ्यांची सोय करा, नंतर पॅडचा विचार. कॅलिपरवर चिकटवायच्या पट्ट्याही मिळतात, त्या ऑइलची खबर देतात.

मोठा ब्रेक किट? ब्रेडेड नळ्या?

ब्रेडेड, म्हणजे जाळीने गुंडाळलेल्या ब्रेक ऑइलच्या नळ्यांनी पेडल घट्ट वाटतं, तापमान अंशानेही उतरत नाही. मोठ्या किटमुळे उष्णता पचवायची ताकद वाढते, पण एकदाच ब्रेक मारायचा असेल तर थांबायचं अंतर टायरच ठरवतो. चांगलं ऑइल, योग्य पॅड आणि हवेची नळी एवढं करूनही ब्रेक कमी पडले, तरच किटकडे वळा.

माल कुठून घेऊ?

रस्त्याचे पॅड नागपुरात मिळतात, ट्रॅकचे सहसा मागवावे लागतात. डुप्लिकेट मालापासून सावध राहा. ओळखीच्या आयातदाराकडून पक्क्या बिलासह घ्या, मागच्या पत्र्यावरचा कोड खोक्यावरच्या कोडशी जुळवा. किंमत अर्धी दिसली तर तो पॅड खरा नाही. परदेशातून थेट मागवणार असाल तर कस्टम्सचा खर्च आणि वेळ धरा, ट्रॅक डेच्या दीड-दोन महिने आधी ऑर्डर द्या.

विम्याचं काय?

आपल्या नेहमीच्या मोटर पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी यासाठी गाडी वापरली तर संरक्षण नसतं. ट्रॅकवर जे होईल ते तुमच्या खिशातून, हे धरूनच जा.

दोन सेशनच्या मध्ये काय करायचं?

शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न लावता फिरा. पिटमध्ये उभं राहताना पेडलवर पाय ठेवू नका आणि हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली लाकडाचा ठोकळा किंवा दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी मारायचं नाही. निवल्यावर पॅडची जाडी आणि डिस्क टॉर्चच्या उजेडात बघा, चाकांचे बोल्ट गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कला पुन्हा तपासा.

पॅड आणि डिस्क टाकायची कधी?

रस्त्यावर पॅड दोन-तीन मिलिमीटरपर्यंत वापरला तरी चालतो. ट्रॅकवर पॅडचं द्रव्य मागच्या पत्र्याएवढं, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर उरलं की बदला. पातळ पॅड उष्णता थेट पिस्टनकडे आणि ऑइलकडे पाठवतो.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजा, नुसत्या अंदाजाने ठरवू नका. केसासारख्या बारीक रेषा ट्रॅकवर वापरलेल्या प्रत्येक डिस्कला येतात, त्यांची चिंता नको. रेषेवरून नख फिरवा. नख अडकलं, किंवा चीर बाहेरच्या कडेला पोहोचली, किंवा एका भोकातून दुसऱ्या भोकात गेली, तर त्या डिस्कने एक लॅपही मारायचा नाही. ट्रॅकवर असताना हे दिसलं तर घरी परतताही येणार नाही, म्हणून लांबच्या ट्रॅकला निघताना पुढच्या डिस्कची एक जोडी डिकीत टाका. वीसेक किलो वजन वाढतं, वाढू द्या.